व्हिएतनामची रणभूमी आणि आपली एक दुरुस्ती

(गणेशोत्सवाच्या चौथ्या दिवशी मंडळाच्या सभागृहात इतिहास अभ्यास वर्गातर्फे झालेलं व्याख्यान. मजकूर वर्गातील सर्वांनी मिळून तयार केला आहे.)



आरती झाली, प्रसाद झाला, तरी आपण सगळे बसून आहात, याबद्दल आधी आभार मानतो. पत्रिकेत आजचा विषय 'व्हिएतनाम युद्धातील मोक्याची ठिकाणं' असा वाचून काहींनी आम्हाला विचारलं, की इंदुरात, गणपतीत, मराठी मंडळात हा विषय कुठून आला? प्रश्न रास्त आहे. हा विषय आम्ही हौसेनं घेतलेला नाही. आमची एक चूक दुरुस्त करायची आहे, म्हणून घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच स्मरणिकेत आम्ही एक चौकट छापली होती. अमेरिकेसारख्या बलाढ्य देशाला कसं हरवलंत, असं व्हिएतनामच्या अध्यक्षांना कुणी विचारलं आणि त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव घेतलं, अशी ती गोष्ट. आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलवर ती येऊन गेली असेल. अध्यक्ष कोण, साल कोणतं, बातमी कुठल्या वर्तमानपत्रात आली, यातलं काहीही त्यात नव्हतं. आम्ही विचारलंही नाही. चौकट छापून आल्यावर कौतुकाचे फोन आले आणि आम्ही खूश झालो.

मग गेल्या हिवाळ्यात आमच्यापैकी चौघं व्हिएतनामला जाऊन आले. कू चीची भुयारं पाहताना आमच्यातल्या एकानं मोठ्या अपेक्षेनं तिथल्या तरुण गाईडला विचारलं, "शिवाजी महाराजांचं नाव ऐकलंय ना?" तो नम्रपणे म्हणाला, "नाही. कोण होते ते?" त्यानं खिशातून वही काढली आणि नाव लिहून मागितलं. आम्ही लिहून दिलं. पुढे तो म्हणाला, "मला सांगा त्यांच्याबद्दल." खरी नामुष्की तिथे झाली. प्रतापगड आणि आग्र्याची सुटका याच्या पुढे आम्हाला धड चार वाक्यंही सांगता येईनात. दुसऱ्यांनी आपल्या राजाची स्तुती केल्याचा निरोप आम्ही शेकडो लोकांना पाठवला होता, आणि स्वतः सांगायची वेळ आली तेव्हा शब्द सापडत नव्हते.

परत आल्यावर आम्ही वर्षभर वाचत बसलो. जे हाती लागलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी त्या देशाचा आकार डोळ्यांपुढे आणा. उत्तर-दक्षिण साडेसोळाशे किलोमीटर लांब, आणि मध्ये एके ठिकाणी जेमतेम पन्नास किलोमीटर रुंद. पश्चिमेला त्रुओंग सनचे जंगलानं भरलेले डोंगर, पूर्वेला समुद्र. उत्तरेला लाल नदीचं खोरं, दक्षिणेला मेकाँगचं, दोन्हीकडे भातशेती. तिथले लोक आपल्या देशाला कावडीची उपमा देतात: दोन टोकांना तांदळाच्या दोन टोपल्या आणि मध्ये लवचीक बांबू. ही कावड आपल्या खांद्यावर असावी असं फार जणांना वाटलं. चीननं तिथे सुमारे हजार वर्षं राज्य केलं. मग मंगोल आले, मिंग आले, छिंग आले, फ्रेंच आले, जपानी आले, फ्रेंच पुन्हा आले आणि शेवटी अमेरिकन आले.

त्या गाईडला आम्ही विचारलं होतं, की मग तुमचे आदर्श कोण? त्यानं एका नदीचं नाव सांगितलं: बाक दांग. उत्तरेत, समुद्राला मिळणारी ही नदी. इ.स. ९३८ मध्ये न्गो क्वेननं तिच्या मुखाशी पाण्याखाली लाकडी खुंट रोवले, टोकांना लोखंड चढवलं, आणि भरतीच्या वेळी चिनी आरमाराला हुलकावणी देत आत ओढलं. ओहोटी लागली, पाणी उतरलं आणि जहाजं खुंटांवर अडकली. साडेतीनशे वर्षांनी, १२८८ मध्ये, सेनापती त्रान हुंग दाओनं त्याच नदीत तोच डाव मंगोलांवर टाकला. पुढे १७८९ मध्ये क्वांग त्रुंग या राजानं तेत सणाच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, दिवसांत हनोईजवळ चिनी सैन्यावर अचानक हल्ला करून त्याची दाणादाण उडवली. १९६८ च्या तेत सणात उत्तर व्हिएतनाम आणि व्हिएतकाँगनी दक्षिणेतल्या शहरांवर एकाच वेळी हल्ले चढवले, तेव्हा ही आठवण त्यांच्या घरातली होती. ती बाहेरून मागवावी लागली नव्हती.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर कॅम रान नावाचं नैसर्गिक बंदर आहे. पाणी खोल, भोवती डोंगरांचा आडोसा. १९०५ मध्ये जपानशी लढायला निघालेलं रशियन आरमार तिथे थांबून पुढे गेलं आणि त्सुशिमाला बुडालं. दुसऱ्या महायुद्धात जपाननं हे बंदर वापरलं. १९६५ पासून अमेरिकेनं तिथे प्रचंड तळ उभारला. १९७५ नंतर रशियाचं आरमार आलं आणि २००२ मध्ये तेही गेलं. एका बंदराला एका शतकात इतके धनी मिळाले. जागा मोक्याची असली की तिच्यावर डोळा असणारे अनेक असतात, आणि तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारत नाही.

या भागाचा आपल्या देशाशी पहिला खरा संबंध इथे येतो, आणि तो अभिमानानं सांगण्यासारखा नाही. सायगावच्या आसपासच्या विमानतळांवरून उडालेल्या जपानी विमानांनी १० डिसेंबर १९४१ रोजी 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन ब्रिटिश युद्धनौका बुडवल्या. मलायाचा समुद्र मोकळा झाला. दोन महिन्यांनी सिंगापूर पडलं आणि हजारो भारतीय जवान कैदेत गेले. म्हणजे व्हिएतनाममधली एक धावपट्टी आपल्याकडच्या कितीतरी घरांच्या दुःखाला कारण झाली. पुढे सप्टेंबर १९४५ मध्ये जपान शरण आल्यावर ब्रिटिशांनी सायगावला जनरल ग्रेसीच्या हाताखाली विसावी इंडियन डिव्हिजन पाठवली. गुरखा, डोगरा, पंजाबी असे आपले जवान त्यात होते. काम काय, तर शरण आलेल्या जपान्यांची हत्यारं काढून घ्यायची. प्रत्यक्षात फ्रेंच परत येईपर्यंत शहर राखायचं, आणि स्वातंत्र्य मागणाऱ्या व्हिएतनामींशी लढायचं. पंडित नेहरूंनी याचा जाहीर निषेध केला. स्वतः गुलामीत असलेल्या देशाचे शिपाई दुसऱ्याच्या गुलामीसाठी वापरले गेले. मोबाईलवरच्या निरोपात असल्या गोष्टी येत नाहीत, पण संबंध सांगायचाच तर हाही सांगायला हवा.

आता मुख्य ठिकाणाकडे, दिएन बिएन फूकडे येऊ. हे ठिकाण हनोईच्या पश्चिमेला, लाओसच्या सरहद्दीजवळ आहे. सुमारे अठरा किलोमीटर लांब, सहा ते आठ किलोमीटर रुंद असं डोंगरांनी वेढलेलं खोरं, आणि मध्ये जपान्यांनी बांधलेली जुनी धावपट्टी. लाओसकडे जाणारी वाट अडवण्यासाठी फ्रेंचांनी २० नोव्हेंबर १९५३ रोजी तिथे छत्रीधारी सैनिक उतरवले आणि ठाणं बसवलं. भोवतीच्या टेकड्यांवर मोर्चे बांधले आणि त्यांना गाब्रिएल, बेआत्रिस, इझाबेल अशी बायकांची नावं दिली. सगळी रसद विमानानं यायची. फ्रेंचांचा हिशेब असा होता, की भोवतीच्या डोंगरांवर शत्रू मोठ्या तोफा आणूच शकणार नाही, कारण रस्ते नाहीत. आणल्याच, तर आपला तोफखाना त्यांना गप्प करील.

समोर होते जनरल व्हो न्गुएन जियाप. कुठल्याही लष्करी विद्यालयात न शिकलेले, पूर्वी शाळेत इतिहास शिकवणारे. त्यांनी तोफा सुट्या करून, माणसांनी दोर लावून, इंचाइंचानं डोंगरावर चढवल्या. तांदूळ आणि दारूगोळा पोहोचवायला दोन लाखांहून जास्त स्त्री-पुरुष राबले. हजारो सायकली होत्या. त्या चालवायच्या नव्हत्या. हँडलला बांबू बांधून, दोन-दोनशे किलोचं ओझं लादून त्या ढकलत न्यायच्या होत्या. आपल्याकडे भाजीवाले पोती लादलेली सायकल हातानं ढकलत नेतात, तसंच ते दृश्य असणार, फक्त शेकडो किलोमीटर, रात्रीच्या अंधारात आणि विमानांच्या पहाऱ्याखाली.

त्या लढाईतला आम्हाला सगळ्यात मोठा वाटलेला क्षण हल्ल्याचा नाही, माघारीचा आहे. जानेवारी १९५४ च्या अखेरीस हल्ला ठरला होता. तोफा वर पोहोचल्या होत्या, जवान पेटले होते. जियापनी पाहणी केली आणि ठरवलं, की आत्ता गेलो तर हरू. एवढ्या कष्टानं चढवलेल्या तोफा त्यांनी खाली उतरवायला लावल्या. आपल्या आयुष्यातला हा सर्वांत कठीण निर्णय होता, असं ते पुढे सांगत. मग दीड महिना पुन्हा तयारी. या वेळी तोफा डोंगराच्या पोटात खोदलेल्या गुहांमध्ये बसवल्या, म्हणजे वरून विमानाला दिसू नयेत आणि समोरून गोळा लागू नये.

१३ मार्चला मारा सुरू झाला. पहिल्या दोन दिवसांतच दोन मोर्चे पडले. तोफा गप्प करण्याची हमी देणाऱ्या फ्रेंच तोफखान्याच्या प्रमुखानं आत्महत्या केली. मार्च संपता संपता धावपट्टी निकामी झाली. तिथून पुढे ते ठाणं म्हणजे तळ राहिला नाही, कोंडवाडा झाला. व्हिएतनामींनी चर खोदत खोदत एकेक मोर्चा गाठला. शेवटी एका टेकडीखाली भुयार खणून सुमारे एक टन दारू भरली आणि ६ मेच्या रात्री ती उडवली. ७ मे रोजी ठाणं पडलं. छप्पन्न दिवस. दहा हजारांहून जास्त कैदी हाती लागले. त्यांतले एक तृतीयांशही घरी परतले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. जियापचेही हजारो जवान त्या चरांमध्ये गेले.

हे वाचताना आमच्या वर्गात एकजण म्हणाले, "अहो, ही तर जिंजीच!" आणि त्यात तथ्य आहे. राजाराम महाराज जिंजीला असताना मोगलांनी १६९० मध्ये वेढा घातला, तो किल्ला हाती येईपर्यंत १६९८ साल उजाडलं. मधे, १६९२ च्या अखेरीस, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव फौजा घेऊन कर्नाटकात उतरले, त्यांनी मोगलांच्या वाटा तोडल्या, सरदार पकडले, आणि वेढा घालणाऱ्यांचेच हाल सुरू झाले. झुल्फिकारखानाला वेढा उठवून मागे सरकावं लागलं. तत्त्व एकच आहे. ठाण्याचं बळ तटात नसतं, त्याच्याकडे येणाऱ्या वाटेत असतं. वाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात शेवटी ठाणंही जातं. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दुर्गांविषयी लिहिताना पाणी, साठा, वाटा यांचा एवढा विचार का केला, ते दिएन बिएन फू वाचल्यावर आम्हाला नव्यानं कळलं. पण तत्त्व एक असणं वेगळं आणि एकानं दुसऱ्याकडून शिकणं वेगळं. डोंगराळ मुलखात, कमी साधनांनी, मोठ्या फौजेशी लढणाऱ्या माणसाला या गोष्टी जमीनच शिकवते. ती सह्याद्रीत मावळ्यांना शिकवते आणि त्रुओंग सनमध्ये तिथल्या शेतकऱ्यांना.

दिएन बिएन फू पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी जिनिव्हाला वाटाघाटी सुरू झाल्या. जुलै १९५४ मध्ये सतराव्या अक्षांशाजवळ बेन हाई नदीवर देशाचे तात्पुरते दोन भाग झाले. कराराच्या देखरेखीसाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. त्यात कॅनडा होता, पोलंड होता आणि अध्यक्षपद भारताकडे होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेहरू हनोईला गेले. १९५४ पासून १९७३ पर्यंत आपल्या लष्करातले अधिकारी आणि जवान या आयोगाच्या कामासाठी तिथे जात राहिले. हा आपला दुसरा संबंध, आणि हा मात्र ताठ मानेनं सांगण्यासारखा. त्याविषयी शेवटी एक विनंती करायची आहे.

बेन हाईवर हिएन लुओंग नावाचा पूल होता. अर्धा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. दोन्हीकडून कर्णे लावून एकमेकांना भाषणं ऐकवायची, आणि आपला झेंडा समोरच्यापेक्षा उंच असावा म्हणून खांब वाढवत न्यायचे. तिथून जवळच, समुद्रकाठी, विन्ह मोक नावाचं गाव आहे. बॉम्बवर्षाव असह्य झाला तेव्हा अख्खं गाव जमिनीखाली गेलं. तीन मजली भुयारं खणली. प्रत्येक कुटुंबाला भिंतीत कोरलेली एक खोबण, एक विहीर, बैठकीची जागा, आणि एक बाळंतिणीची खोली. सतरा मुलं त्या भुयारांत जन्मली असं तिथे सांगतात. लष्करी नकाशावर ते मोक्याचं ठिकाण होतं. त्या मुलांसाठी ते माहेर होतं.

पुढचं युद्ध अमेरिकेशी. त्याचं सगळ्यात मोठं मोक्याचं ठिकाण म्हणजे एखादा किल्ला नव्हता, एक वाट होती. १९५९ च्या मे महिन्यात उत्तरेनं त्रुओंग सनच्या डोंगरांतून, लाओस आणि कंबोडियातून, दक्षिणेकडे रसद नेणारा मार्ग सुरू केला. जगानं त्याला हो ची मिन्ह मार्ग म्हटलं. ही एक वाट नव्हती, वाटांचं जाळं होतं. एक तुटली की दुसरीनं जायचं. हे जाळं तोडण्यासाठी अमेरिकेनं लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, आणि तरी ते तुटलं नाही. डोंग लोक नावाच्या नाक्यावर रस्त्याचे खड्डे बुजवणाऱ्या दहा मुली होत्या, वय सतरा ते चोवीस. २४ जुलै १९६८ रोजी एका बॉम्बहल्ल्यात दहाही गेल्या. थान होआचा रेल्वेपूल पाडण्यासाठी अमेरिकन विमानांनी १९६५ पासून शेकडो फेऱ्या केल्या. तो शेवटी १९७२ मध्ये नव्या, अचूक बॉम्बनी पडला. पण तोवर नदी ओलांडायच्या इतर सोयी झालेल्या होत्या.

याच्या उलट उदाहरण खे सानचं. सतराव्या अक्षांशाच्या दक्षिणेला, लाओसच्या वाटेवरचा अमेरिकन मरीन सैनिकांचा हा तळ. २१ जानेवारी १९६८ पासून सत्याहत्तर दिवस त्याला वेढा होता. दुसरं दिएन बिएन फू होतं की काय, या काळजीनं अध्यक्ष जॉन्सन यांनी त्या भूभागाची प्रतिकृतीच व्हाइट हाउसमध्ये आणवली होती. अमेरिकेकडे फ्रेंचांपेक्षा कितीतरी जास्त विमानं होती. तळ पडला नाही. पण एवढं रक्त सांडून राखलेला तो तळ अमेरिकेनं त्याच वर्षी जुलैमध्ये स्वतःच मोडून टाकला आणि सोडून दिला. जी जागा आज प्राण देऊन राखायची, ती पाच महिन्यांनी निरुपयोगी ठरते, हे त्या जवानांच्या आईबापांना कुणी कसं समजावलं असेल?

आणि कू ची. सायगावपासून तीस-चाळीस किलोमीटरवर, तांबड्या चिकट मातीत खणलेली सुमारे अडीचशे किलोमीटर भुयारं. अमेरिकेच्या पंचविसाव्या डिव्हिजननं १९६६ मध्ये आपला तळ नेमका या भुयारांच्या मुलखात बांधला. रात्री छावणीत गोळ्या कुठून येतात, हे त्यांना बरेच दिवस कळत नव्हतं. माती वाळली की ती विटेसारखी कडक होते. आपण इंदूरकरांना मातीची ही ताकद माहीत असायला हवी. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर भरतपूरच्या जाट राजाबरोबर होते, तेव्हा लॉर्ड लेकचे चार हल्ले तिथल्या मातीच्या तटानं परतवले. दगडी तट गोळ्यानं फुटतो, मातीचा तट गोळा गिळतो.

कू चीतली चूल भगिनींना विशेष आवडेल. धूर वर दिसला की विमान येणार. म्हणून होआंग कॅम नावाच्या एका लष्करी आचाऱ्यानं अशी चूल काढली, की धूर लांबच लांब चरांतून फिरून, निवून, जमिनीलगत धुक्यासारखा पसरून जाई. तिथे पाहुण्यांना आजही भुयारातलं जेवण म्हणून उकडलेला कंद देतात आणि तोंडी लावायला शेंगदाण्याचं कूट, तीळ, मीठ. आम्ही खाल्लं आणि एकमेकांकडे पाहिलं. हा तोच कंद, ज्यापासून आपला साबुदाणा होतो. आपण उपासाला जे चवीनं खातो, त्यावर ती माणसं वर्षानुवर्षं जगली.

आता एक अप्रिय बाजू. गनिमी काव्याच्या कथा ऐकायला छान वाटतात, पण त्यांची किंमत गावं मोजतात. हुएचा राजवाड्यासह असलेला भव्य कोट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. १९६८ च्या तेत हल्ल्यात तो ताब्यात घेण्यासाठी आणि परत मिळवण्यासाठी जवळजवळ महिनाभर लढाई चालली आणि शहराचा बहुतेक भाग उद्ध्वस्त झाला. ते शहर कम्युनिस्ट फौजांच्या ताब्यात असताना त्यांनी हजारो नागरिकांना ठार केलं, ज्यांची सामूहिक दफनं पुढे सापडली. अमेरिकन सैनिकांनी मी लाय गावात शेकडो निःशस्त्र बायका-मुलं मारली, तीही त्याच वर्षी. व्हिएतनाम सरकारनं १९९५ मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे सुमारे ११ लाख सैनिक आणि २० लाख नागरिक या युद्धात गेले. अमेरिकेचे ५८ हजारांहून जास्त गेले. लाओसच्या शेतांत न फुटलेले बॉम्ब अजून निघतात. विजयाची गोष्ट सांगताना हे आकडे गाळले, तर ती गोष्ट अर्धीच सांगितली असं होईल.

आणि मी सन. मध्य व्हिएतनाममधल्या या दरीत चंपा राज्याची शिवमंदिरं आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मा राजानं इथे भद्रेश्वराची स्थापना केली. संस्कृत शिलालेख आहेत. दरी डोंगरांनी वेढलेली, म्हणून गनिमांना आसऱ्याला सोयीची. म्हणजे देवळंही मोक्याचं ठिकाण झाली. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकन विमानांनी तिथे बॉम्ब टाकले आणि तिथलं सर्वांत सुंदर शिखर कोसळलं. अलीकडच्या वर्षांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानं तिथल्या मंदिरांच्या दुरुस्तीचं काम केलं, आणि २०२० मध्ये ते चालू असताना नवव्या शतकातलं एकसंध शिवलिंग मातीतून बाहेर आलं. आपल्या देशाची माणसं तिथे विटा जुळवत होती, हा तिसरा खरा संबंध.

आता त्या चौकटीबद्दल. जियापनी पुष्कळ लिहिलं आहे. त्यांच्या लेखनात त्यांच्याच इतिहासातले पूर्वज येतात: मंगोलांना हरवणारा त्रान राजवंश, मिंगांशी दहा वर्षं लढलेला ले लोई, क्वांग त्रुंग. आम्ही जे वाचलं त्यात शिवाजी महाराजांचा उल्लेख आम्हाला मिळाला नाही. ज्या भाषणाची गोष्ट आम्ही छापली, त्याचं नाव, साल, ठिकाण यांपैकी काहीही सापडलं नाही. आधार नसताना ती आम्ही छापली. ती चौकट आज आम्ही जाहीरपणे मागे घेतो, आणि हे व्याख्यान यंदाच्या स्मरणिकेत छापून ती दुरुस्ती लेखी करतो.

आमच्यातल्याच एका ज्येष्ठांनी यावर विचारलं, "खोटी असली तरी चांगली गोष्ट आहे. मुलांना अभिमान वाटतो. बिघडलं काय?" आम्ही यावर बराच वाद घातला. आमचं उत्तर हे आहे, की बिघडतं. उद्या आपली मुलगी पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात शिकायला जाईल, चारचौघांत ही गोष्ट सांगेल आणि कुणीतरी पुरावा मागेल. ती खाली पाहील, आणि मग प्रतापगड, आग्रा, जिंजी या खऱ्या गोष्टींवरही ऐकणारा शंका घेईल. रसद नसलेलं ठाणं फार दिवस टिकत नाही. आणि दुसरं असं, की त्या लाखो व्हिएतनामी माणसांनी जे केलं त्याचं श्रेय बसल्या जागी आपण घ्यावं, हे महाराजांना तरी आवडलं असतं का? रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडायला लावणारा तो राजा. दुसऱ्याचं हिसकावलेलं त्याला चाललं नसतं.

महाराजांचं मोठेपण सिद्ध करायला हनोईचा दाखला लागत नाही. राजगडाच्या बांधणीत, आज्ञापत्रातल्या दुर्गप्रकरणात, जदुनाथ सरकार आणि सेतुमाधवराव पगडी यांच्या ग्रंथांत ते पुरेसं आहे. ते आपण वाचलेलं नसतं, म्हणून दाखल्याची गरज पडते. त्या गाईडनं वही पुढे केली तेव्हा आम्हाला जे सांगता आलं नाही, ते आम्ही आता इंग्रजीत चार पानी लिहून काढलं आहे आणि त्याला पाठवलं आहे. त्याचं उत्तर आलं. त्यानं पहिला प्रश्न विचारला आहे, की राजगडावर पाणी कुठून यायचं? उत्तर शोधायला या डिसेंबरात आम्ही राजगडावर जाणार आहोत. ज्यांना चढवतं त्यांनी यावं.

शेवटी ती विनंती. इथे बसलेल्या कित्येक घरांतले आजोबा, पणजोबा लष्करात होते. महूला राहिलेली घरं आहेत. १९५४ ते १९७३ या काळात आयोगाच्या कामावर हनोईला, सायगावला किंवा बेन हाईच्या काठावर कुणी गेलेलं असेल, तर घरातली ट्रंक एकदा उघडून पाहा. एखादं पत्र, एखादा फोटो, मागे शाईनं लिहिलेली तारीख. असा एक कागद त्या अख्ख्या चौकटीपेक्षा मोलाचा आहे. मूळ कागद आम्ही घेणार नाही. तुमच्यासमोर प्रत काढून लगेच परत देऊ.

आणि जाता जाता एक. दा नांगच्या चाम शिल्पांच्या संग्रहालयात मी सनहून आणलेली गणपतीची मूर्ती आहे, सातव्या-आठव्या शतकातली. बाप्पा उभे आहेत, आणि सोंड हातातल्या खाऊच्या वाडग्यात आहे. आम्ही चौघं तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिलो. ती मूर्ती तिथे आहे, कुणीही जाऊन पाहू शकतो, आणि तिच्याविषयी आपल्याला काहीही रचून सांगावं लागत नाही.

गणपती बाप्पा मोरया!